गचके

यंत्राने दगा दिला, की आपण प्रथम माणसाकडे संशयाने पाहतो. मिक्सर बंद पडला, की 'शेवटचे वाटण कोणी काढले?' हा प्रश्न आधी येतो.

आमच्याकडे दोन क्लचची नवी मोटार आली, तेव्हा हा मनुष्यस्वभाव मला फार जवळून पाहायला मिळाला. गियर गाडीच बदलणार. डाव्या पायाला जन्माची सुट्टी! तिच्या पोटातल्या एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गियर, तर दुसऱ्याकडे सम. एक गियर चालू असतानाच पुढचा तयार. पंगतीत पहिला भात संपतो न संपतो तोच जिलबीवाला पाठीशी उभा असावा, तसा!

मोकळ्या रस्त्यावर ही व्यवस्था सुरेख. पण संध्याकाळी कर्वे रस्त्यावर गोगलगायीच्या चालीने सरकताना पहिल्या-दुसऱ्या गियरच्या शिवेवर गाडी थरथरे, गचके खाई. सौ.ने तक्रार नेली, तेव्हा वर्कशॉपमधला तरुण नम्रपणे म्हणाला, "मॅडम, गाडीत काही नाही. तुमच्या चालवण्याच्या सवयीमुळे होतंय."

२२ वर्षे घाटांतून गाडी नेलेली बाई त्या एका वाक्याने गप्प झाली. पुढे पंधरवडाभर ती रिक्षाने हिंडली. मला त्या गचक्यांपेक्षा हे गप्प होणे अधिक लागले.

मी शोध घेऊ लागलो. आमच्या गाडीचे क्लच कोरडे, तेलात न बुडणारे. गर्दीत इंच इंच सरकताना क्लचच्या चकत्या एकमेकींवर घासत राहतात. उष्णता वाहून न्यायला तेल नाही. मग पकड बिघडते आणि गाडी थरथरते.

एक परदेशी हकिकतही हाती लागली. आमची गाडी त्या कंपनीची नव्हे. पण २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला होता. फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्ट गाड्यांतल्या 'पॉवरशिफ्ट' या दोन क्लचच्या गियरबॉक्सबद्दलच्या तक्रारी कशा हाताळल्या, त्याबद्दलचा हा दंड. या गाड्या थरथरतात हे ठाऊक असूनही काही ग्राहकांना, 'हे तुमच्या चालवण्यामुळे', असे सांगण्यात आले होते!

हे ऐकून सौ. प्रथमच हसली. "म्हणजे तिकडच्यांचेही पाय वाईटच निघाले म्हणायचे!"

दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये गेली. "भाऊ, संध्याकाळी सहा वाजता तुम्ही चालवा, मी शेजारी बसते," एवढेच म्हणाली. नळ स्टॉपच्या गर्दीत गाडी त्या तरुणाच्या हातीही थरथरली. तो खजील झाला. सौ.ने त्याला रागावण्याऐवजी चहा पाजला.

क्लच वॉरंटीत बदलून मिळाला. तो पंधरवडा मात्र कुठल्याच वॉरंटीत बसत नाही.