पॅकेज राहू द्या, हातात किती ते विचारा

आयटीआय झालेल्या पोरांच्या तोंडी हल्ली पगार नसतो, पॅकेज असतं. रोजगार मेळाव्यात स्टेजवरूनही तोच आकडा पुकारतात आणि टाळ्या पडतात. पण खोलीभाडं, मेस आणि गावाकडे पाठवायचे पैसे पॅकेजमधून जात नाहीत. महिन्याच्या सात तारखेला बँकेत जे पडतं, त्यातून जातात.

आमच्या गल्लीतल्या एका पोराला चाकणच्या एका कारखान्याची ऑफर आली, वर्षाला २ लाख ८८ हजार. त्याने भागिले बारा केलं आणि खुशीत माझ्याकडे आला. "दादा, हातात वीस पडले तरी भागतंय माझं. इथं तर चोवीस देतायत!" ऑफर लेटरचं दुसरं पान त्याने उघडलंही नव्हतं.

त्या पानावर ग्रॉस होता २१,५००. त्यात बेसिक आणि डीए मिळून १५ हजार, बाकी घरभाडं भत्ता. वर कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे ७२२ चढवून महिन्याचे २४ हजार दाखवलेले. ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षं सलग नोकरी लागते. किती पोरं एका कंपनीत पाच वर्षं टिकतात, तुम्हीच सांगा. आता २१,५०० मधून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला (फेब्रुवारीत ३००). उरले १९,५००. इन्कम टॅक्सचा इथे प्रश्नच नाही.

म्हणून हिशोब उलटा करायचा. हातात २० हजार हवेत, तर त्यात १,८०० आणि २०० मिळवा. ग्रॉस २२ हजार मागा. मुलगी असेल तर २१,८०० पुरे, कारण आपल्या राज्यात महिलांना २५ हजारांपर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही.

पण मला त्या ५०० रुपयांपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. जून २०२४ मध्ये ईएसआयसीची मर्यादा होती २१ हजार. याचा ग्रॉस त्याच्या बरोब्बर ५०० ने वर! ग्रॉस २१ हजार असता, तर याचे पाऊण टक्का म्हणजे १५८ रुपये कापले गेले असते आणि हातात १८,८४२ पडले असते. म्हणजे ६५८ कमी. पण त्या बदल्यात त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळाले असते आणि आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग मिळाला असता. आईला शुगर, वडिलांना बीपी. ६५८ रुपयांत महिन्याच्या गोळ्या तरी येतात का? कंपनीला मात्र २१ हजारांवर सव्वातीन टक्के, म्हणजे ६८३ रुपये भरावे लागले असते. तिने ५०० वाढवले आणि ६८३ वाचवले. हा योगायोग आहे असं मला तरी वाटत नाही. मी त्याला म्हटलं, बाबा, एकतर २१ वर ये, नाहीतर आईवडिलांचा विमा निघेल इतकं वाढवून माग. त्याने एचआरला मेल केलाय.

आता कंत्राटी कामगारांचं. सिक्युरिटी गार्ड, साफसफाईवाले, नगरपरिषदेतले डेटा एंट्रीवाले. इथे बऱ्याचदा अख्ख्या पगारावर पीएफ कापतात, १२ टक्के, आणि ईएसआयसी पाऊण टक्का. मग हातात १२ हजार हवे असतील तर लोक १२ हजारांवर पावणेतेरा टक्के चढवतात, वर टॅक्सचे २०० घालतात आणि १३,७३० वर हो म्हणतात. महिनाअखेर सव्वादोनशे कमी पडतात, कारण कपात हातातल्या रकमेवर होत नाही, ग्रॉसवर होते. १२,२०० ला ०.८७२५ ने भागा. साधारण १३,९८५ येतात. तेवढे मागा.

आणि कंत्राटदार म्हणाला की "मालकाचा वाटाही तुझ्याच पगारातून", तर तसं कापता येत नाही, कायद्यानेच मनाई आहे. कापलेला पीएफ खरंच जमा होतोय का, हे ईपीएफओच्या पासबुकात मोबाईलवर दिसतं. यूएएन नंबर आणि ओटीपीसाठी स्वतःचा फोन लागतो. कुणाला जमत नसेल तर संध्याकाळी सहानंतर ऑफिसला या, बसून बघू. पगाराची स्लिप असेल तर घेऊन या. स्लिपच देत नसतील, तर तेही सांगा.