आटे नसलेली रायफल

वारसाने जमीन मिळाली म्हणजे भाऊबंदांशी गाठ पडते, दागिना मिळाला तर सराफाशी. बंदूक मिळाली म्हणजे मात्र प्रथम पोलिसांशी आणि मागाहून इतिहासाशी गाठ पडते, व या दोहोंत अधिक चौकस कोण हे ठरविणे कठीण आहे. आमचे तीर्थरूप वारल्यानंतर २०१९ साली म्हसवडच्या घराची वाटणी झाली, तीत आमच्याकडे दोन खणांची माडी, तांब्याचा एक हंडा आणि माजघरातील खुंट्यांवर आडवी टांगलेली 'रायफल' आली. माडी गळत होती आणि हंड्यास भोक होते. त्यामुळे आमच्या भावंडांनी ही वाटणी विशेष वाद न घालता मान्य केली.

या रायफलीची कथा आमच्या घरात रामायणाइतकी पाठ होती. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरास मुंबई इलाख्याच्या २७ व्या देशी पलटणीने बंड केले, हे इतिहासात आहे. त्या पलटणीत आमचे खापरपणजोबा शिपाई होते. बंड फसल्यावर ते ही रायफल खांद्यावर टाकून रात्रीचे चालत माणदेशात आले व माणगंगेच्या वाळूत त्यांनी ती वर्षभर पुरून ठेवली, हे मात्र फक्त आमच्या घरात आहे. दरवर्षी दसऱ्यास ती खाली निघे, तिला खोबरेल लागे, हळदकुंकू लागे, झेंडूची माळ पडे. आणि आमचे धाकटे चुलते तात्या मुलांना पुढे बसवून ती कथा सांगत. तात्यांचे सांगणे ऐकणाऱ्याच्या मनात शंकेला जागा राहत नसे. एक तर ते स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत वीस वर्षे नोकरी करून आलेले. शिवाय त्यांचा आवाज तसा.

मोडकी का होईना, पण बंदूक ती बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून ती जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. याच कायद्याच्या ४५ व्या कलमात मात्र एक पळवाट, किंबहुना एक पुराणप्रेमी कोनाडा, ठेवलेला आहे: जे हत्यार जुन्या घाटाचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके असून दुरुस्तीने अगर दुरुस्तीवाचून बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यास हा कायदा लागू नाही. आम्ही ती रीतसर दाखविली. परवानाधारक कारागिराने नळीची मागील बाजू तपासली. टोपी बसवावयाच्या बोंडापासून सुमारे चार बोटे पुढे लोखंड लांबट फाटले होते, आणि ही नळी पुन्हा बार सोसणार नाही असे त्याने लेखी दिले. त्या फाटीमुळेच बंदूक घरी राहिली. शिवाय कायद्याच्या ५ व्या कलमाने परवान्यावाचून बंदूक दुरुस्त करणे हाही गुन्हाच. म्हणजे आमच्या जीर्णोद्धाराची मर्यादा सरकारनेच आखून दिली होती: स्वच्छ करा, पण बरी करू नका. पुष्कळ पुराणवस्तूंच्या बाबतीत हा सल्ला कायदा नसतानाही शहाणपणाचा ठरला असता, असे आम्हास वाटते.

जुन्या बंदुकीस हात लावताना पहिली गोष्ट करावयाची ती ही की, तिच्यात बार भरलेला नाही याची खात्री करून घेणे. तोंडाकडून दारू व गोळी ठासावयाच्या या बंदुकांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला सापडतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर तिला म्हातारपण येत नाही. यासाठी लाकडी काठी नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करावी, मग तीच काठी बाहेरून नळीवर धरून पाहावी. आत-बाहेरच्या लांबीत फार अंतर पडले तर समजावे की आत काहीतरी आहे. आमची काठी वीतभर अलीकडेच अडली, तेव्हा घरातील मंडळी अंगणात गेली. कारागिराने जपून उकरून काढले ते कुंभारमाशीचे मातीचे घर निघाले.

मग ओळख पटविण्याचे काम. तीन कड्यांनी लाकडाशी जखडलेली एकोणचाळीस इंची नळी, घोड्याखाली टोपी बसविण्याचे बोंड, पितळी तळपट्टी, अक्रोडाचा दस्ता: हा सगळा घाट १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीचा. ज्या काडतुसांच्या चरबीने सत्तावनचा वणवा पेटला, ती काडतुसे याच जातीची. येथवर कथेस बाध नव्हता. पण घोड्याच्या बाजूच्या पोलादी पट्टीवरील शेंदरी राप मऊ झाल्यावर खाली मुकुट दिसू लागला, मुकुटाखाली राणीच्या नावाची व्ही आणि आर ही दोन अक्षरे, आणि पुढे 'टॉवर' या शब्दावर साल: १८६०.

सत्तावनच्या बंडात साठ सालची बंदूक कशी आली, याचे उत्तर कोणत्याही पुराणात मिळणार नाही. सालाकडे डोळेझाक केली तरी मुकुट होताच. कंपनी सरकारच्या हत्यारांवर मागल्या दोन पायांवर उभ्या राहिलेल्या सिंहाचा शिक्का असे. नोव्हेंबर १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेले, त्याबरोबर या सिंहाचेही दिवस संपले. कोल्हापूरच्या शिपायाच्या हातची बंदूक सिंहाची असती. आमची मुकुटाची होती. दस्त्यावर आणखी एक बारीक खूण निघाली: दोन बाण, टोकास टोक लावलेले. सरकारी शस्त्रागारातून बाद होऊन विकल्या गेलेल्या हत्यारावर इंग्रज ही खूण करीत. थोडक्यात, ती हिसकावलेली नव्हती. कोणीतरी ती पैसे मोजून घेतली होती.

या खुणा वाचण्याच्या कामात परदेशी हौशी लोक फार तरबेज असतात. २००३ साली नेपाळ सरकारच्या जुन्या शस्त्रागारातील हजारो बंदुका अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या, तेव्हा त्यांपैकी कित्येकींवरील आकडे देवनागरी निघाले. मग तिकडील हौशी मंडळींस आपल्या बंदुकीचा क्रमांक वाचण्यासाठी एक, दोन, तीन गिरवीत बसावे लागले. मेकॉलेसाहेबांच्या शिक्षणपद्धतीचा हा उलटा फेरा आम्हास मोठा मौजेचा वाटतो.

परंतु खरी गोष्ट पुढेच होती. नळीतील माती व गंज निघाल्यावर कारागिराने आत दिवा सोडला आणि आम्हास पाहावयास सांगितले. एन्फील्डच्या नळीत आतून तीन आटे असतात, पेचदार. गोळी त्यांतून फिरत निघते म्हणून दूर आणि नेमकी जाते. आटे असले तरच ती रायफल. आमच्या नळीत आटे नव्हते. झिजलेले नव्हते; कधी पाडलेलेच नव्हते. आतून ती पितळी फुलपात्रासारखी गुळगुळीत होती.

हा कारखान्याचा हलगर्जीपणा नव्हे. बंडानंतर देशी शिपायांच्या हाती काय द्यावे याचा विचार फार बारकाईने झाला. १८५९ मध्ये पील कमिशनने गोरे व काळे यांचे प्रमाण ठरवून दिले: बंगालच्या सैन्यात एकास दोन, मुंबई-मद्रासेत एकास तीन. काही डोंगरी तुकड्या सोडल्या तर तोफा गोऱ्यांच्या ताब्यात गेल्या. आणि पायदळासाठी बाहेरून हुबेहूब एन्फील्ड दिसणारी, परंतु आतून सपाट अशी बंदूक तयार करविण्यात आली. गोऱ्या शिपायाच्या एन्फील्डवर मागली निशाणी नऊशे यार्डांपर्यंत वर चढविता येई. आमच्या बंदुकीवर एकच अचल निशाणी आहे, कारण शंभर यार्डांपलीकडे सपाट नळीची गोळी कोठे जाईल हे ती गोळीच जाणे. त्याच सुमारास बर्मिंगहॅमचे व्यापारी आटेदार एन्फील्डी अमेरिकेच्या यादवी युद्धात भांडणाऱ्या दोन्ही पक्षांस लाखांनी विकीत होते. परक्या देशातील बंडखोरास आटे मिळत होते. स्वतःच्या पगारी शिपायास ते नाकारले गेले. इतिहासाच्या पुस्तकात 'अविश्वास' हा शब्द आम्ही विद्यार्थ्यांस अनेकदा वाचून दाखविला आहे. तो बोट घालून चाचपता येतो, हे आम्हास पन्नाशी उलटल्यावर कळले.

साफसफाईस तीन महिने लागले. लाल, भुकटी सुटणारा गंज हा जिवंत शत्रू, तो काढावयाचा. काळपट तपकिरी राप हा लोखंडाने स्वतःच पांघरलेला पदर, त्यास हात लावावयाचा नाही. आमच्या पुतण्याचे मत असे की, गॅरेजात नेऊन चाकावर धरली तर तासात आरशासारखी होईल. होईल खरी, पण मुकुट, साल, बाण सगळेच त्या तासात जाईल. आम्ही तेल लावून आठ-आठ दिवस मुरू दिले आणि जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेने गंज खरवडला. तांबे लोखंडाहून मऊ, म्हणून चरा पडत नाही. प्रत्येक मळसूत्र स्वतंत्र पाकिटात घालून त्यावर त्याची जागा लिहिली, कारण त्या काळची मळसूत्रे हाताने जुळविलेली असतात व शेजारच्या भोकात जात नाहीत. लाकडास पॉलिशकागद मुळीच लावला नाही. फडक्याने जवसाचे तेल चोळले. नळी उचलल्यावर खालच्या खाचेत एका इंग्रज कारागिराची दोन अद्याक्षरे सापडली. नळी बसल्यावर ती कोणासच दिसणार नव्हती. तरी त्याने ठोकली होती. राहता राहिले दीडशे दसऱ्यांचे कुंकू. लोखंडावरचे काढणे भाग होते, त्याखाली ओल धरत होती. दस्त्याच्या नक्षीत बसलेले मात्र आम्ही राहू दिले.

हे सगळे तात्यांस सांगावयाचे कोणी, हा प्रश्न होता. वय शहाऐंशी, आणि ती कथा म्हणजे त्यांच्या आयुष्याचा कणा. आमच्या भगिनींचे मत असे की, सांगूच नये. म्हाताऱ्या माणसाकडून काठी काढून घेऊ नये. आम्ही सांगितले. म्हसवडास अवघड इतिहास काही नवा नाही. संताजी घोरपड्यांच्या १६९७ मधील वधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते नागोजी माने याच गावचे. तात्यांनी साल ऐकले, मुकुट पाहिला. आट्यांचे सांगू लागलो तोच ते म्हणाले, "आटं न्हाईत ते मला ठावं हाय, मास्तर."

ते रंगरूट असताना बेळगावास त्यांना थ्री-नॉट-थ्रीची नळी उजेडाकडे धरून पाहावयास शिकविले होते. पहिल्या सुटीत घरी आल्यावर त्यांनी ही बंदूकही तशीच धरून पाहिली. पण त्या वेळी त्यांची आजी जिवंत होती व गोष्ट तिची होती. पुढे त्यांनी आजीस एकदा विचारले, तेव्हा तिने दुसरीच हकीकत सांगितली: बंदूक लिलावात घेतलेली, ज्वारीतली रानडुकरे मारण्यासाठी, सपाट नळीतून छर्रे चांगले जातात म्हणून. एका रात्री तिच्या सासऱ्याने दारू जास्त ठासली. नळी फाटली आणि त्यांचा डावा अंगठा गेला. "त्या अंगठ्याची गोष्ट कुणाला सांगायची? म्हणून बंडाची सांगत आलो," तात्या म्हणाले, व थोडे थांबून, "डुकरं मात्र लई मारली म्हनं त्यांनी."

पुतण्याने बंदुकीखाली लावावयाची पाटी तयार करून आणली आहे, पण तीवर काय लिहावे यावर अद्याप एकमत नाही. बंदूक आता ओल न येणाऱ्या भिंतीवर टांगली आहे, फाटलेली बाजू बाहेर करून. ती तशी टांगावी असे तात्यांनीच सांगितले.