झिजलेली रिम

हिवाळ्याच्या पहाटे आम्ही वडिलांच्या जुन्या सायकलीवरून डभोईच्या हिरा भागोळ दरवाजातून बाहेर पडतो, तेव्हा दवाने भिजलेली धूळ चाकांना चिकटते. परवा ब्रेक लागेना. मिस्त्रीने ब्रेकचे रबर काढून दाखविले. त्यात रुतलेल्या वाळूच्या कणांनी कानशीप्रमाणे रिमचा मुलामा खरवडला होता. खाली गंज चढला होता. रबराचे चार पैसे आम्ही वाचविले आणि वडिलांची रिम गमावली!

याच डभोईहून १८६२ साली मियागामपर्यंत बैलांनी ओढलेली रुळांवरची गाडी सुरू झाली. इंजिनाच्या भारास ते हलके रूळ पुरे पडेनात, म्हणून गायकवाड सरकारने ते बदलून भक्कम घातले. लोखंडाची वेळीच काळजी घ्यावी, हे गावाने तेव्हाच ओळखले होते; आम्हांस ते आज उमगले. वाचकहो, थंडीत रिम रोज पुसावी आणि रबर वेळीच बदलावे.