शिक्का आणि चेहरा

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. तुमच्यापैकी अनेकांनी शेती, नोकरी, संसार सांभाळून पुस्तक हाती घेतले आहे. तेव्हा या वयातल्या शिकण्याला कोणता संकोच चिकटलेला असतो, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. गोष्ट 2004 सालची. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा येथे माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. गावातल्या संगणक वर्गात मी नाव घातले, तेव्हा मला शिकवायला उभा राहिलेला तरुण असा निघाला की, त्याच्या जावळाचे फोटो मीच काढले होते. तो मला ‘काका’ म्हणे आणि मी त्याला ‘सर’. पहिले चार दिवस आम्ही दोघेही या संबोधनांनी अवघडून गेलो होतो.

फोटोत दुरुस्ती करणे मला नवे नव्हते. माझ्या उस्तादांनी मला रिटचिंग शिकवले होते. निगेटिव्हखाली काच आणि काचेखाली उजेड ठेवायचा, पेन्सिलीला सुईसारखे टोक करायचे आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डाग एकेका बारीक ठिपक्याने भरत जायचे. निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते. जिथे पेन्सिलीचा काळेपणा चढतो, तिथे छापील फोटोत उजळपणा येतो. हे काम करताना श्वास रोखावा लागे, कारण हात घसरला तर तो घाव कायमचा. आपला हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ 1905 साली वारले. त्यांच्या पिढीतल्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिल चाले आणि छापील चित्रावर कुंचल्याने रंग चढवले जात. फोटोशी छेडछाड करण्याचा दोष जे केवळ संगणकाला देतात, त्यांनी जुन्या वाड्यांतल्या रंगवलेल्या तसबिरी जरा जवळून पाहाव्यात.

तरीही संगणकासमोर बसल्यावर माझी सारी विद्या निरुपयोगी ठरली. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकी भावांनी घडवले आणि 1990 साली ते बाजारात आले. आमच्या वर्गात त्याची 7.0 ही आवृत्ती होती. पडद्यावरची सगळी नावे इंग्रजी. माझे शिक्षण मराठी माध्यमातले, तेही दहावीपर्यंतचे. मी वहीत चित्रे काढून घेतली : रबरी शिक्क्याचे चित्र म्हणजे क्लोन स्टॅम्प, जखमेवरच्या चिकटपट्टीचे चित्र म्हणजे हीलिंग ब्रश. क्लोन स्टॅम्प एका जागेचे बिंदू जसेच्या तसे उचलून दुसऱ्या जागी ठेवतो. हीलिंग ब्रश अधिक चतुर. तो निरोगी जागेचा पोत घेतो, पण रंग आणि उजेड मात्र ज्या जागेवर फिरवला त्या जागेच्या आजूबाजूचे राखतो. त्यामुळे ठिगळ दिसत नाही. पेन्सिलीने ज्याला तासभर लागे, ते इथे मिनिटात होई. मी त्या ब्रशच्या अक्षरशः प्रेमात पडलो. वर्गातली मुले नटनट्यांच्या मागे ताजमहाल लावत असत. मी मात्र जुन्या फोटोंवरचे डाग पुसत बसे.

लेअर ही कल्पना मात्र माझ्या डोक्यात शिरेना. फोटोवर जणू पारदर्शक कागद ठेवायचा, सगळी दुरुस्ती त्या कागदावर करायची आणि खालचे मूळ चित्र अबाधित राखायचे, हे त्या मुलाने मला चारपाच वेळा समजावले. मला वाटे, काम नीट येत असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? त्यातून ते दिवस भारनियमनाचे. काम अर्ध्यावर असताना वीज जाई आणि जतन न केलेले सारे नाहीसे होई. म्हणून मी घाईने मूळ फाइलवरच काम करी आणि तीवरच ती पुन्हा पुन्हा जतन करी. या सवयीची किंमत मला लवकरच कळली.

आता थोडे मागे जायला हवे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी झालेला भूकंप आपल्या भागात कोणाला सांगावा लागत नाही. अनंत चतुर्दशीची रात्र होती, गणपती बोळवून माणसे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे, जी उन्हाळ्यात घर गार ठेवत, तीच अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावे उद्ध्वस्त झाली. किल्लारीचे नाव जगभर गेले, पण आपल्याकडचे सास्तूरही तसेच भुईसपाट झाले. हजारो माणसे गेली. माणसांबरोबर त्यांचे फोटोही गेले, ही गोष्ट मला पुढे काही आठवड्यांनी उमगली. लोक माझ्या दुकानात येऊन विचारू लागले, “अमक्या साली आमच्या घरचं लग्न तुम्हीच काढलं होतं, निगेटिव्ह असंल का?” मी लाकडी कपाटातली जुनी पाकिटे उपसत बसे. काहींचे सापडले. बहुतेकांचे नाही, कारण फोटो काढून घेणे हे त्या काळी प्रत्येक घराला परवडणारे नव्हते.

सास्तूरकडची एक बाई 2005 च्या सुमारास माझ्याकडे आली. लग्न होऊन उमरग्यात आलेली, म्हणून वाचलेली. माहेरचे कोणी उरले नव्हते, एक मावशी सोडली तर. तिचे वडील एका शाळेत शिपाई होते. घरातले सारे ढिगाऱ्याखाली गेले, पण नोकरीच्या कागदांवर डकवलेला त्यांचा एक पासपोर्ट आकाराचा फोटो कचेरीच्या कपाटात राहून गेला होता आणि कोण्या भल्या कारकुनाने तो तिच्या हाती दिला होता. फोटो कृष्णधवल, पिवळट पडलेला. त्याच्या डाव्या बाजूने, गालावरून हनुवटीपर्यंत, कचेरीचा जांभळा गोल शिक्का उमटलेला. “भाऊ, तेवढा शिक्का काढा आन् नानांचा मोठा फोटो करा,” ती म्हणाली.

मी आनंदाने होकार दिला. फोटो कृष्णधवल आहे, मग रंगीत स्कॅन कशाला, असा विचार करून राखाडी छटांतच स्कॅन केला. त्याबरोबर शिक्क्याचा जांभळेपणा गेला आणि तो चेहऱ्याच्या छायेसारखाच करडा झाला. मग मी हीलिंग ब्रश घेऊन बसलो. दोन संध्याकाळी खपून गाल स्वच्छ केला, उजवा गालही त्याच्या जोडीला आणला, फाइल जतन केली आणि आठ बाय दहा इंचांचा फोटो छापला. इतके चांगले काम मी तोवर केले नव्हते.

ती फोटो घेऊन उजेडात गेली, बराच वेळ पाहत राहिली आणि हलकेच म्हणाली, “हे आमचे नाना न्हाईत.”

मी काहीसा दुखावलो. मग तिने सांगितले, “नानांच्या तोंडावर देवीचे वण व्हते. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून बोटानं मोजायची.”

देवीचा रोग आपल्या देशातून 1975 साली गेला; पण त्याआधीच्या पिढीतले असे चेहरे माझ्या आणि तुमच्यातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असतील. मी ते वण फोटो खराब झाल्याच्या खुणा समजलो होतो. हीलिंग ब्रशने त्यांना ‘बरे’ केले होते. शिक्क्याचे ठिपके कोणते आणि माणसाचे कोणते, हे विचारायची गरजही मला भासली नव्हती. मूळ फाइल उघडायला गेलो, तर ती उरलीच नव्हती. तिच्यावरच तर मी सारे जतन केले होते. नशिबाने कागदावरचा फोटो तिने पदराच्या गाठीत सांभाळला होता.

मी पुन्हा वर्गातल्या त्या मुलाकडे गेलो. त्याने मला पहिल्यांदा रंगीत स्कॅन करायला लावले, तेही 1200 डीपीआयवर. पासपोर्ट फोटो असतो जेमतेम 35 बाय 45 मिलिमीटर. या प्रमाणात त्याचे सुमारे 1650 बाय 2125 बिंदू मिळतात आणि मग मोठी छपाई फाटत नाही. नंतर त्याने चॅनेल्स उघडून दाखवली. रंगीत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चित्रांचे बनलेले असते व ती तिन्ही सुटी पाहता येतात. हिरव्यात पाहिले, तर शिक्का काळाकुट्ट. लाल रंगात फिका. निळ्यात गेलो आणि मी खुर्चीवरून उठलोच : शिक्का जवळजवळ दिसेनासा झाला होता आणि त्याखालचा गाल, वणांसकट, तिथेच होता. कारण साधे आहे. जांभळी शाई हिरवा प्रकाश शोषते, पण निळा परत फेकते. त्यामुळे निळ्या प्रकाशात कागद आणि शाई यांत फारसा फरक उरत नाही. म्हणजे चेहरा झाकला गेलाच नव्हता. मी चुकीच्या उजेडात पाहत होतो.

काम तेवढ्यावर संपले नाही. निळ्या चॅनेलमध्ये जुन्या कागदाचा पिवळेपणा उलट अधिक काळा दिसतो, कपाळावर त्याचा एक मोठा डाग उमटला. तिथे लाल चॅनेलचा भाग घ्यावा लागला, लेव्हल्सने छटा जुळवाव्या लागल्या. हे सारे या वेळी वेगवेगळ्या लेअरवर केले. ब्रश हातात घेण्यापूर्वी मी त्या बाईला दुकानात बोलावून पडद्यासमोर बसवले. ती बोट ठेवी आणि सांगे : हा वण, हा डाग, इथे काही नव्हते. छापलेला फोटो पाहून या वेळी ती काही बोलली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मी उगाचच कॅमेऱ्याची भिंग पुसत राहिलो.

जाताना तिने विचारले, “आईचा करता येईल का?”

आईचा फोटोच नव्हता. तिला कधी कोणी फोटोसाठी नेले नव्हते. पण मावशी आईसारखी दिसते, मावशीचा घ्या, वय कमी करा, कपाळाला मोठे कुंकू लावा, असे तिचे म्हणणे. मला ते करता येत होते, आणि खरे सांगतो, करून पाहायचा मोहही होता. मावशीला बोलावून फोटो काढला. वर्गात शिकलेले सारे त्यात वापरले : सुरकुत्या पुसल्या, केस काळे केले, गाल भरले. नानांच्या शेजारी तो चेहरा ठेवला. दोघी बहिणींत नेमका काय फरक होता, हे मी त्या बाईला पुन्हा पुन्हा विचारत होतो. आधी ती भराभर सांगत होती. नाक थोडे आखूड करा म्हणाली, ते केले. मग म्हणाली, नको, होते तसेच बरे होते. हळूहळू तिची उत्तरे मंदावली. एका क्षणी ती म्हणाली, “भाऊ, राहू द्या. तुम्ही इचारताय तसतशी मला आईच आठवंना झालीय.”

मी पडदा बंद केला. आजही असे काम घेऊन कोणी आले, तर मी नकार देतो. त्यावरून दोनतीन गिऱ्हाइके रागावून गेली आहेत आणि शेजारच्या दुकानातून त्यांनी ते करूनही घेतले आहे. त्यांचे चुकले, असे मी म्हणणार नाही.

आठवड्याने ती परत आली, मावशीला घेऊनच. तिला मावशीचा फोटो हवा होता, मावशी म्हणूनच. “नानांच्या शेजारी लावते,” ती म्हणाली, “पर सुरकुत्या तेवढ्या ऱ्हाऊ द्या.” म्हातारी फ्लॅशला घाबरून दर वेळी डोळे मिटून घेई. सहाव्या खेपेला ते उघडे मिळाले.