दोन सऱ्यांचा ऊस

उसात मारलेला दगड दिसत नाही, ऐकू येतो. कोल्हापूरजवळच्या उचगावात महामार्गाच्या उड्डाणपुलापलीकडे जो काही ऊस अजून उभा आहे, त्याच्या बांधावर पोरांचा हा खेळ चालतो. सळसळ थांबली की दगड थांबला. जेट क्वेंचिंगबद्दल मी जे वाचलं त्यातलं निम्मं मला या बांधावर उमगलं. उरलेलं विरळ उसात अडलं.

शिशाची किंवा सोन्याची अणुकेंद्रकं प्रकाशाच्या जवळपास वेगाने एकमेकांवर आदळली, की निमिषाच्याही कणभर वेळेपुरता क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून मोकळ्या झालेल्या क्वार्क-ग्लुऑनचा रस, तयार होतो. त्याच टकरीत काही क्वार्क पाठीला पाठ लावून सुटतात आणि त्यांचे कणांचे झोत होतात, तेच जेट. प्लाझ्म्यातून जाताना त्यांची ऊर्जा झडते, हे जेम्स ब्योर्कन यांनी १९८२ मध्ये सुचवलं. काठाशी जन्मलेल्या जोडीतला एक दगड रस्त्यावर पडेल, दुसरा उसात जिरेल. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलास गटाने शिशाच्या टकरींत अशा विषम जोड्या पाहिल्या.

पण हरवलेलं मोजायचं कसं? न हरवता किती आलं असतं, ते आधी ठाऊक हवं. म्हणून प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतले कण मोजायचे, केंद्रकांत जितक्या टकरी होतात तितक्या पटीने वाढवायचे आणि प्रत्यक्ष संख्येला त्याने भागायचं. उत्तर १ आलं तर काहीच अडलं नाही. शिशाच्या समोरासमोरच्या टकरींत ते सुमारे ०.१५ पर्यंत उतरतं.

गोम पुढे आहे. ऊस दोनच सऱ्यांचा असेल तर?

२००३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत सोन्यावर ड्यूटेरॉन, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन एवढंच केंद्रक, मारून पाहिला. झोत अडले नाहीत, आणि सोन्यावर सोनं आदळल्यावरची घट प्लाझ्म्याचीच, हे त्यातूनच पक्कं झालं. पुढे २०१० मध्ये प्रोटॉन-प्रोटॉनच्या आणि २०१२ मध्ये प्रोटॉन-शिशाच्या गजबजलेल्या टकरींत कण प्लाझ्म्यात वाहावेत तसे एकमेकांशी मेळ ठेवून वाहताना दिसले. प्रवाह आहे आणि अडथळा नाही! त्यात मोजणाऱ्यांची वेगळीच पंचाईत: ऊस किती दाट हे सळसळीवरून, म्हणजे निघालेल्या कणांच्या संख्येवरून ठरवायचं, आणि सळसळ तर दगडच करतो. २०१८ मध्ये सर्नच्याच अ‍ॅलिस गटाने सांगितलं, प्रोटॉन-शिशात झोताबाहेर ऊर्जा सांडत असलीच तर ती ०.४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी. शोधाच्या बातम्यांपेक्षा मला या ‘असलीच तर’चं अप्रूप जास्त. काही सापडलं नाही हेसुद्धा मापून सांगायचं, याला वेगळीच छाती लागते.

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी. कोल्हापूरकरांची पावलं नंदवाळच्या विठोबाकडे वळली होती, आणि त्याच दिवसांत सर्नच्या २७ किलोमीटरच्या वेटोळ्यात प्रथमच ऑक्सिजनवर ऑक्सिजन आदळत होता. शिशाच्या केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून २०८, ऑक्सिजनच्या अवघे १६. सळसळीची भानगडच नको म्हणून या वेळी टकरी सरसकट घेतल्या, दाट-विरळ न निवडता. सर्नच्या सीएमएस गटाला उत्तर मिळालं: सहा अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या कणांसाठी तो भागाकार ०.६९. या गटात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, पुण्याची आयसरही आहे.

विश्वारंभानंतर काही मायक्रोसेकंद असाच प्लाझ्मा होता, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांना मुळात तो महास्फोटच पटला नव्हता. २० मे २०२५ ला ते गेले. हा ०.६९ चा आकडा त्यांच्यापुढे ठेवला असता तर त्यांनी आधी आरंभाबद्दलच विचारलं असतं, असं मला उगाच वाटतं.

आणि आरंभाचा प्रश्न इथेही आहे, जरा वेगळ्या अर्थाने. केंद्रकात बांधलेल्या प्रोटॉनमधले क्वार्क-ग्लुऑन मोकळ्या प्रोटॉनमधल्यासारखे विखुरलेले नसतात. म्हणजे दगडच मुळात कमी सुटले असतील. घटीत या कमी सुटलेल्या दगडांचा वाटा किती आणि उसाचा किती, हे वेगळं काढायला उपयोगी पडाव्यात अशा प्रोटॉन-ऑक्सिजन टकरीही त्याच सुमारास करून ठेवल्या आहेत. तूर्त तरी, वाटेत ऊर्जा झडते असं धरणारी गणितंच ०.६९ च्या जास्त जवळ बसतात.