पानावाचून चहा

जर्मनीच्या उत्तरेस, एल्ब नदीच्या काठी वसलेले हॅम्बुर्ग समुद्रापासून शंभरावर किलोमीटर आत आहे. तरीही जगभरचा माल शतकानुशतके या बंदरात उतरत आला आहे. त्या व्यापाराची सर्वांत देखणी खूण म्हणजे ‘श्पायशरश्टाट’, अर्थात गोदामांचे नगर. १८८३ साली त्याच्या उभारणीस आरंभ झाला. लाकडी खांबांच्या पायावर उभ्या असलेल्या तांबड्या विटांच्या उंच इमारती, एका अंगास रस्ता, दुसऱ्या अंगास कालवा आणि वर छपराशी माल ओढून घेण्याच्या कप्प्या. कॉफी, चहा, मसाले येथे जकात न भरता साठविता येत. पुढे माल कंटेनरांतून येऊ लागला आणि या गोदामांत संग्रहालये, कचेऱ्या व उपाहारगृहे आली. २०१५ साली युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारशात समावेश केला.

नोव्हेंबरात येथे सव्वाचारलाच सूर्य मावळतो. अशाच एका बोचऱ्या संध्याकाळी कालव्याकाठचे पूल ओलांडून आम्ही चहाच्या एका छोट्या दुकानात शिरलो. माझ्यासोबत वन्सं होत्या. झोप उडते म्हणून डॉक्टरांनी त्यांचा संध्याकाळचा चहा बंद केला होता. सवयीप्रमाणे त्या म्हणाल्या, “माझे राहू द्या. तुम्ही घ्या.”

दुकानाच्या मालकीणबाईंनी एक काचेची बरणी पुढे केली. तिच्यात चहाचे एकही पान नव्हते. सफरचंदाच्या वाळक्या फोडी, रानगुलाबाची फळे, संत्र्याची साल, दालचिनीचे तुकडे, लवंगा आणि काळपट लाल रंगाच्या चुरमडलेल्या पाकळ्यांसारखे काहीतरी. जर्मन लोक याला फळांचा चहाच म्हणतात. बाईंनी त्यावर खळखळते पाणी ओतले आणि किटली दहा मिनिटे झाकून ठेवली. साध्या चहाला तीन-चार मिनिटे पुरतात. वाळलेल्या फळांचा अर्क उतरायला अधिक वेळ लागतो.

पेल्यात उतरलेला रंग थेट माणकाचा! पहिल्या घोटाला जिभेवर लख्ख आंबटपणा आला, मागून सफरचंदाची सौम्य गोडी, आणि घोट उतरल्यावर घशात रेंगाळणारी लवंगेची ऊब. यात दूध मात्र घालता येत नाही; आंबटामुळे ते नासते. चमचाभर मध तेवढा खुलून येतो.

वन्संनी दुसरा घोट घेतला, बरणीतली एक लाल पाकळी उचलून चाखली आणि त्या उद्गारल्या, “अगं, ही तर अंबाडी!”

त्यांचे म्हणणे खरे होते. इजिप्तमध्ये ‘करकदे’ म्हणून जी लाल पेये पितात, त्यांतही हेच असते. लाल अंबाडीचे फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जे मांसल लाल आवरण उरते, ते वाळवून सुदान-इजिप्तकडून जर्मनीत येते आणि तेथील बहुतेक फळांच्या चहांना रंग व आंबटपणा देते. हिचाच पाला हैदराबादेत गोंगुरा म्हणून मंडईत मिळतो आणि आपण त्याची भाजी भाकरीबरोबर आवडीने खातो. बोंडे मात्र बहुधा बांधावरच वाळून जातात.

एका कप चहात साधारणपणे ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते, आणि पोटात गेल्यावर पाचेक तासांनीही त्यातले निम्मे रक्तात शिल्लक राहते. ज्यांची झोप आधीच नाजूक, त्यांना संध्याकाळचा कप रात्री उशिरापर्यंत छळतो तो यामुळेच. अंबाडीच्या या पेयात कॅफीन मुळीच नाही.

पण मला त्याहून मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. आपल्याकडे चहा हे नुसते पेय नव्हे. ते बसण्याचे निमंत्रण असते. ज्याचा चहा बंद झाला, तो वडीलधारा माणूस पाण्याचा पेला घेऊन हळूहळू कडेला सरकतो. त्या संध्याकाळी वन्संनी दोन पेले घेतले आणि कितीतरी दिवसांनी त्या गप्पांत शेवटपर्यंत बसल्या.

वाचक भगिनींनी हिवाळ्यात हा प्रयोग करून पाहावा. चार कपांसाठी अंबाडीच्या बोंडांची मूठभर वाळकी लाल आवरणे, सफरचंदाच्या वाळविलेल्या फोडी, संत्र्याच्या सालीचा तुकडा, बोटभर दालचिनी आणि दोन लवंगा पुरेत. गरोदर स्त्रियांनी व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. आणि किटली मांडताना घरातल्या ज्येष्ठांचा पेला सर्वांत आधी भरावा.