मागें पाहा

आमच्या वडिलांस एक खोड होती. कोणतीहि हकीकत लिहितांना जुना संदर्भ आला कीं ते कंसांत 'मागें वही 3, पान 17 पाहा' असें नोंदून पुढें जात. त्यांच्या अशा अकरा वह्या आमच्याकडे आल्या, तेव्हां घरांतील सर्वांस त्या वाचावयास मिळाव्या म्हणून संगणकावर साध्या मजकुराच्या रूपानें उतरून घेण्याचें आम्हीं मनांत आणलें. साधा मजकूर म्हणजे नुसतीं अक्षरें. शीर्षकामागें एखादी खूण, दुव्यासाठीं कंस, एवढाच त्याचा साज. तो कोणत्याहि यंत्रावर उघडतो, आणि पॅनडॉकसारखें साधन त्यावरून वेबपान किंवा छापील पुस्तक, हवें तें करून देतें.

पहिली अडचण पानांची. वहीचीं पानें शिवलेलीं, म्हणून पान 17 तें कायमचें पान 17. संगणकांत उतरतांच पानें नाहींशीं झालीं, आणि वडिलांचें बोट हवेंत दाखवूं लागलें. तेव्हां प्रत्येक 'पाहा'च्या जागीं दुवा घालणें आलें. दुव्याला पोंचावयास ठिकाण लागतें आणि ठिकाणाला नांव. तें आपण दिलें नाहीं तर पॅनडॉक शीर्षकावरून स्वतःच पाडतें. एकाच शीर्षकाचे अनेक भाग आले तर दुसऱ्याच्या नांवापुढें 1, तिसऱ्याच्या पुढें 2, असा आंकडा जोडतें. हा आंकडा केवळ क्रमाचा आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली नाहीं.

वडिलांना शीर्षकांची हौस नव्हती. 'आजारपण' या एकाच शब्दाखालीं त्यांनीं घरांतील सात दुखणीं लिहून ठेविलीं आहेत. आम्हीं तयार पानावरून नांवें उचलून दुवे घातले, एकूण एक तपासले आणि निश्चिंत झालों. पुढें दुसऱ्या वहींत दडलेला एक सुटा कागद सांपडला. त्याचेंहि शीर्षक 'आजारपण'च. तो आम्हीं यथाक्रम मध्यें घातला आणि नवी प्रत नागपुरास आत्यांकडे पाठविली.

दुसरे दिवशीं रात्रीं त्यांचा फोन आला. "अरे, आपल्या आईचं वाचत होतें. तिच्या त्या बाळाच्या ओळीवर बोट ठेवलं, तर ही माई निघाली! माईला विषमज्वर झाला होता, ती बरी झाली. ही ती नव्हे रे."

1951 सालीं आत्यांच्या पाठीवर एक मुलगी झाली आणि नऊ दिवसांनीं गेली. तिच्याविषयीं आजींच्या हकीकतींत एकच ओळ आहे. पुढें 'मागें पाहा'. एक कागद मध्यें शिरतांच पुढचे सारे आंकडे एकेक घरानें सरकले होते. तुटलेला दुवा एका परीनें बरा, तो निदान कोठेंच नेत नाहीं. कार्स्टेन डॉमिनिक यांनीं 2003 सालीं सुरू केलेलें ऑर्ग-मोड तर ठिकाण न सांपडणारा दुवा दिसला कीं, मुद्दाम परवानगी दिल्यावांचून, रूपांतरच थांबवितें. (त्याचीहि एक लहर आहे: शीर्षकास आपण नांव दिलें नाहीं, तर तें प्रत्येक खेपेस नवेंच अर्थशून्य नांव बहाल करतें, आणि बाहेरून आलेला जुना पाहुणा दाराशीं खोळंबतो.) परंतु भलत्या दाराशीं नेऊन सोडणारा दुवा कोणत्याच साधनाला कळत नाहीं, त्याच्या लेखीं दार तर उघडलें!

छापील प्रतीची तऱ्हा निराळी. कागदावर बोट ठेवून कोठें जातां येत नाहीं. तेथें पानाचा आंकडाच हवा. लाटेक पहिल्या फेरींत कोणतें ठिकाण कोणत्या पानावर पडलें तें टिपून ठेवतें व दुसऱ्या फेरींत आंकडा जागेवर बसवितें. आम्हीं प्रथम एकच फेरी केली, तों जागोजागीं दोन दोन प्रश्नचिन्हें उमटलेलीं! दुसऱ्या फेरीनंतर वडिलांचें 'पान पाहा' परत आलें, फक्त पानें निराळीं.

गीतेचा दुसरा अध्याय, श्लोक 47 म्हटलें कीं कोणत्याहि छापखान्याच्या प्रतींत तोच श्लोक निघतो, कारण ती खूण पानाची नव्हे, मजकुराची आहे. आम्हांसहि तसेंच करणें भाग पडलें. प्रत्येक दुखण्यापुढें महिरपी कंसांत माणसाचें नांव आणि साल असें कायमचें नांव लिहीत चाललों. त्या मुलीपाशीं मात्र हात थांबला. बारशापूर्वींच ती गेली; अकरा वह्यांत तिला कोठेंहि नांव नाहीं. आम्हीं 'मुलगी-1951' असें लिहून आत्यांस कळविलें.

त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आई तिला ठकी म्हणायची."

आम्हीं लिहिलेलें पुसून रोमन अक्षरांत 'ठकी-1951' असें लिहिलें. अशीं नांवें वाचणाराच्या पानावर उमटत नाहींत. सहा ठिकाणांहून दुवे तेथें येतात. ते सर्व आत्यांनीं एकेक करून पाहिले.